रक्तक्षय आणि पेशीतील दोन प्रवेशद्वारे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात पार पडली. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांच्या आणि पाच वर्षांखालील बालकांपैकी ६८.९ टक्के बालकांच्या रक्तात हिमोग्लोबिनचे प्रमाण असावे त्याहून कमी असल्याचे तीत आढळून आले. खेड्यापाड्यांत ज्याला 'अंगात रक्त नाही' असे म्हणतात, तोच हा रक्तक्षय. लोहाची कमतरता हे त्याचे एक प्रमुख कारण असल्यामुळे लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या पुरविण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला आणि २०१८ पासून 'ॲनिमिया मुक्त भारत' या अभियानाने त्याला व्यापक रूप दिले. शाळेत आठवड्यातून एकदा दिली जाणारी निळी गोळी आणि गरोदर मातेला दररोज दिली जाणारी तांबडी गोळी या गोष्टी आता शिक्षकांना व ग्रामपंचायत सदस्यांना नवीन राहिलेल्या नाहीत.

गोळ्या घेतल्यानंतर बहुतेकांचे हिमोग्लोबिन वाढते. काहींचे मात्र वाढत नाही. अशा वेळी 'गोळ्या घेतल्याच नसतील' असा निष्कर्ष चटकन काढला जातो. पुष्कळदा तो खरा असतो. पण नेहमीच खरा असतो असे नाही. पोटात गेलेले लोह आणि रक्ताचा तांबडा रंग यांच्यामध्ये बरीच लांब वाट आहे. त्या वाटेचा शेवटचा टप्पा पेशीच्या आत असून तेथे एक भिंत व त्या भिंतीला मोजकीच दारे आहेत. त्यांपैकी दोन महत्त्वाच्या दारांचा शोध एकविसाव्या शतकात लागला. त्यांचे कार्य समजून घेतले, म्हणजे सर्वच रक्तक्षय एका गोळीने का बरे होत नाहीत, याचा उलगडा होतो.

हीम म्हणजे काय?

रक्तातील तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. फुप्फुसांतील प्राणवायू शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोचविणे हे त्याचे काम. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत हीम या द्रव्याचे चार रेणू बसविलेले असतात. हीमची रचना एखाद्या कड्यासारखी असते आणि त्या कड्याच्या मध्यभागी लोहाचा एकच अणू असतो. प्राणवायू नेमका या अणूला चिकटतो. रक्ताचा रंगही हीममुळेच येतो. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे तीन ते चार ग्रॅम लोह असते व त्यातील निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेले असते.

तांबड्या पेशी हाडांच्या पोकळीतील मज्जेत तयार होतात. निरोगी प्रौढाच्या मज्जेत दर सेकंदाला सुमारे वीस लाख नव्या पेशी जन्माला येतात. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. म्हणजे एका पेशीसाठी हीमचे शंभर कोटींहून अधिक रेणू घडवावे लागतात. पेशी परिपक्व झाली की आपले केंद्रक आणि तंतुकणिका ती टाकून देते. हीमची निर्मिती तंतुकणिकांवाचून होत नसल्यामुळे हे सारे काम त्यापूर्वीच्या मोजक्या दिवसांतच उरकावे लागते. या घाईच्या काळात कच्चा माल वेळेवर पोचला नाही, तर पेशी लहान आणि फिकट राहते.

शास्त्रज्ञाने स्वतःवर केलेला प्रयोग

लोहाचे कडे कोणत्या द्रव्यापासून बनते, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ठाऊक नव्हते. न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात डेव्हिड शेमिन आणि डेव्हिड रिटेनबर्ग यांनी या प्रश्नाचा मागोवा घेतला. ग्लायसीन हे साधे ॲमिनो आम्ल आहे. डाळी, दूध, मांस अशा प्रथिनयुक्त आहारातून ते मिळते आणि शरीर स्वतःही ते तयार करते. शेमिन यांनी नायट्रोजनच्या जड अणूंची खूण असलेले ६६ ग्रॅम ग्लायसीन तीन दिवसांत स्वतः सेवन केले व नंतर कित्येक आठवडे आपल्याच रक्ताचे नमुने तपासले. खुणेचा नायट्रोजन हीममध्ये उतरलेला दिसला. हीमचे कडे ग्लायसीनपासून घडते हे त्यामुळे सिद्ध झाले. ती खूण रक्तात किती दिवस टिकते, यावरून तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे चार महिन्यांचे असते, हेही याच प्रयोगातून कळले. ही संशोधने १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली.

हीमच्या एका रेणूसाठी ग्लायसीनचे आठ रेणू लागतात, हे पुढे निश्चित झाले. म्हणजे एका तांबड्या पेशीसाठी शंभर कोटींहून अधिक लोहाचे अणू आणि आठशे कोटींहून अधिक ग्लायसीनचे रेणू योग्य जागी पोचले पाहिजेत. ही योग्य जागा म्हणजे तंतुकणिका.

दोन भिंतींचा कारखाना

तंतुकणिकांना शालेय पाठ्यपुस्तकांत पेशीचे ऊर्जाकेंद्र म्हटलेले असते. हीमच्या निर्मितीची सुरुवात आणि शेवट या दोन्ही गोष्टीही तेथेच होतात. एकूण आठ टप्प्यांपैकी पहिला टप्पा तंतुकणिकेच्या आत पार पडतो. तेथे ग्लायसीन आणि सक्सिनिल कोएंझाइम-ए यांच्या संयोगातून एक छोटा रेणू तयार होतो. हे कार्य घडविणाऱ्या विकराला ब-६ जीवनसत्त्वाचे साहाय्य लागते. तयार झालेला रेणू बाहेर पेशीद्रवात येतो. तेथे पुढील चार टप्प्यांत अशा आठ रेणूंची जुळणी होऊन कड्याचा कच्चा आकार तयार होतो. हा आकार पुन्हा तंतुकणिकेकडे परततो आणि उरलेले तीन टप्पे तेथे पुरे होतात. शेवटच्या टप्प्यात कड्याच्या मध्यभागी लोहाचा अणू बसविला जातो व हीम सिद्ध होते.

यावरून ध्यानात येईल की, या उद्योगात मालाची ने-आण हे उत्पादनाइतकेच महत्त्वाचे अंग आहे. ही ने-आण सोपी मात्र नाही. तंतुकणिकेभोवती दोन पटले असतात. बाहेरच्या पटलात रुंद छिद्रे असल्याने लहान रेणू त्यातून सहज ये-जा करतात. आतील पटल मात्र जवळजवळ अभेद्य असते आणि त्याला तसेच सबळ कारण आहे. या पटलाच्या दोन बाजूंमध्ये विद्युतभाराचा फरक राखलेला असतो व त्या फरकावरच पेशीची ऊर्जानिर्मिती चालते. धरणाच्या भिंतीमुळे पाणी उंचावर अडते आणि त्या पाण्याच्या दाबावर वीजघर चालते, तसाच हा प्रकार आहे. भिंतीला भगदाड पडले तर पाणीही जाते आणि वीजही जाते. म्हणून आतील पटलाला उघडी छिद्रे परवडत नाहीत.

या अडचणीवर निसर्गाने वाहक प्रथिनांचा उपाय योजला आहे. मानवी शरीरात अशा वाहकांच्या एकाच कुळात ५३ प्रकारची प्रथिने असून त्यांतील बहुतेक या आतील पटलात असतात. वाहक प्रथिन पटलात आरपार बसलेले असते. ते प्रथम बाहेरच्या बाजूला उघडते, ठरावीक रेणू पोटात घेते, बाहेरची बाजू मिटवून आतल्या बाजूला उघडते आणि रेणू आत सोडते. दोन्ही बाजू एकाच वेळी कधीही उघड्या नसतात. शिवाय प्रत्येक वाहकाचा माल ठरलेला असतो. एकाचे काम दुसरा क्वचितच करू शकतो. लोहासाठी एक दार, ग्लायसीनसाठी दुसरे, अशी ही व्यवस्था आहे.

लोहाचे दार

लोह उपयुक्त आहे तितकेच उपद्रवीही आहे. मोकळे लोह पेशीत अतिक्रियाशील रेणू निर्माण करते व त्यांच्यामुळे पेशीच्या घटकांची हानी होते. म्हणून शरीर लोहाला शक्यतो एकटे हिंडू देत नाही. आतड्यातून शोषलेले लोह रक्तातील ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाच्या ताब्यात जाते. ट्रान्सफेरिनचा एक रेणू लोहाचे दोन अणू वाहून नेतो. रक्तात एका वेळी असे जेमतेम तीन मिलिग्रॅम लोह असते. परंतु नव्या तांबड्या पेशींसाठी दिवसाला वीस ते पंचवीस मिलिग्रॅम लोह लागत असल्याने ही वाहतूक अखंड चालू राहते. यातील बहुतेक लोह जुन्या झालेल्या पेशी मोडून परत मिळविलेले असते. आहारातून दररोज फक्त एक ते दोन मिलिग्रॅमची भर पडते. मात्र रक्तस्राव, जंत किंवा बाळंतपण यांमुळे लोह शरीराबाहेर गेले, तर एवढ्या भरीवर तूट लवकर निघत नाही. गोळ्यांची आवश्यकता निर्माण होते ती येथे.

मज्जेतील वाढत्या पेशीच्या पृष्ठभागावर ट्रान्सफेरिनला ओळखणारी ग्राहक प्रथिने असतात. त्यांच्या साहाय्याने ट्रान्सफेरिन एका पिशवीत बंद होऊन पेशीच्या आत जाते. पिशवीतील आम्लतेमुळे लोह सुटे होते व तंतुकणिकेच्या दिशेने जाते. तेथे आतील पटलावर मायटोफेरिन हा वाहक त्याला आत घेतो.

मायटोफेरिनचा शोध लागला तो माशांमुळे. भारतीय उपखंडातील ओढ्यानाल्यांत आढळणारा पट्टेरी झेब्रा मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो. कारण त्याचे भ्रूण पारदर्शक असल्याने आतून वाहणारे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसते. या माशांच्या एका वाणात रक्त फिकट असे. एका फिकट रंगाच्या मद्याच्या नावावरून त्या वाणाला 'फ्रास्काटी' असे नाव देण्यात आले होते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न असलेल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, या माशांच्या शरीरात लोह असते. पण ते तंतुकणिकेत नेणारा वाहक सदोष असतो. उंदरांच्या पेशींतून हाच वाहक काढून टाकला असता लोह हीममध्ये शिरेनासे झाले. साखर कारखान्याच्या फाटकाबाहेर उसाच्या गाड्या उभ्या असाव्यात आणि फाटकच उघडू नये, अशीच ही स्थिती होय.

ग्लायसीनचे दार

दुसरे दार सापडले ते रुग्णांच्या अभ्यासातून. काही बालकांना जन्मापासून किंवा तान्ह्या वयापासून तीव्र रक्तक्षय असतो. त्यांच्या तांबड्या पेशी लोहाच्या कमतरतेत दिसतात तशाच लहान व फिकट असतात. परंतु त्यांच्या शरीरातील लोह मोजले तर ते कमी नसून उलट जास्त भरते. मज्जेतील अपक्व पेशींना लोह दाखविणारा निळा रंग दिला असता केंद्रकाभोवती निळ्या ठिपक्यांचे कडे दिसते. हे ठिपके म्हणजे लोहाने गच्च भरलेल्या तंतुकणिका. या विकाराला सायडेरोब्लास्टिक रक्तक्षय असे नाव आहे.

कॅनडातील हॅलिफॅक्स येथील डलहौसी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी त्या देशाच्या अटलांटिक किनाऱ्यावरील प्रांतांतील अशा काही कुटुंबांचा आनुवंशिक अभ्यास केला. त्यातून २००९ मध्ये 'एसएलसी-२५-ए-३८' या वाहकाच्या जनुकातील दोष उघडकीस आला. हा वाहक ग्लायसीन आत नेत असावा, असा त्यांचा तर्क होता. शुद्ध केलेला वाहक कृत्रिम पटलात बसविल्यावर तो ग्लायसीन वाहून नेतो, याचा प्रत्यक्ष पुरावा २०१६ मध्ये मिळाला.

येथे काय बिघडते ते नीट पाहण्याजोगे आहे. मायटोफेरिन शाबूत असल्यामुळे लोह आत येतच राहते. परंतु ग्लायसीन पुरेसे न आल्यामुळे कडेच तयार होत नाही. ज्यात बसायचे ते कडेच नाही, म्हणून लोह तंतुकणिकेत साचत जाते. फाटक उघडे आहे, गाड्या आत येऊन ऊस रिकामा करीत आहेत; पण गाळप बंद आहे, असे या स्थितीचे वर्णन करता येईल. रक्त कमी आहे हे जाणवून शरीर आतड्यातून आणखी लोह शोषू लागते आणि साठा अधिकच वाढतो. अशा बालकाला लोहाची गोळी दिली, तर रक्त वाढत नाही. मात्र यकृत व हृदय यांसारख्या इंद्रियांत लोह साचून त्यांना इजा पोचण्याचा धोका वाढतो. अधिक ग्लायसीन खाऊ घालूनही रोग हटेल असे मानता येत नाही. कारण कमतरता मालाची नसून दाराची आहे. या बालकांना वारंवार रक्त द्यावे लागते, शरीरातील जादा लोह काढणारी औषधे द्यावी लागतात. योग्य दाता मिळाल्यास रक्तनिर्मिती करणाऱ्या मूळ पेशींचे प्रत्यारोपण हाच मुळावरचा उपचार ठरतो.

अन्य अडथळे

या विकाराचा दुसरा एक आनुवंशिक प्रकार पहिल्या टप्प्यातील विकराच्या दोषामुळे होतो व तो मुख्यतः पुरुषांत दिसतो. यातील अनेक रुग्णांना ब-६ जीवनसत्त्वाने गुण येतो. दाराच्या दोषावर मात्र याच जीवनसत्त्वाचा उपयोग होत नाही. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन रुग्णांपैकी एकास जे औषध लागू पडते ते दुसऱ्यास पडत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय. क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे औषधही ब-६ जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणू शकते. मुख्यतः नसांचे रक्षण व्हावे म्हणून त्यासोबत या जीवनसत्त्वाची गोळी देतात. ती क्षुल्लक समजून टाळणे योग्य नव्हे.

शिसे हा आणखी एक शत्रू. जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या व्यवसायातून किंवा शिसेयुक्त रंगांतून ते शरीरात गेले, तर पेशीद्रवातील एक टप्पा आणि लोह बसविण्याचा शेवटचा टप्पा अशा दोन्ही ठिकाणी ते काम रोखते. शेवटच्या टप्प्याला लोह मिळाले नाही, की कड्यात लोहाऐवजी जस्ताचा अणू बसतो. रक्तातील असे जस्तयुक्त कडे मोजून लोहाच्या तुटवड्याची किंवा शिशाच्या विषबाधेची शंका घेता येते.

पेशीची स्वतःची दक्षताही उल्लेखनीय आहे. लोहाचा साठा कमी झाल्याचे कळताच पेशी पहिल्या टप्प्यातील विकराचे उत्पादनच कमी करते. मध्यभागी बसवायला लोह नसताना रिकामी कडी साचू नयेत, म्हणून ही काटकसर असते. लोह मिळू लागले की काम पुन्हा वेग घेते. साध्या लोहकमतरतेत गोळ्यांचा परिणाम काही आठवड्यांत दिसू लागतो, तो सर्व दारे आणि सर्व विकरे शाबूत असतात म्हणूनच.

गावपातळीवर घ्यावयाचा बोध

वर वर्णन केलेले दारांचे दोष अत्यंत विरळ आहेत, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. त्यांच्या भीतीने लोहाच्या गोळ्या नाकारणे ही मोठी चूक ठरेल. रक्तक्षय असलेल्या कितीतरी माता व बालकांना लोहाचीच गरज असते आणि त्यांच्यासाठी गोळी हा स्वस्त, सुरक्षित व परिणामकारक उपाय आहे. गोळी चहासोबत घेऊ नये. लिंबू, आवळा, पेरू यांसारख्या क जीवनसत्त्वयुक्त पदार्थांमुळे लोहाचे शोषण सुधारते, या नेहमीच्या सूचना पाळल्याच पाहिजेत.

परंतु गोळ्या वाटल्या की काम संपले, असे मानता येणार नाही. उपचारानंतर महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा मोजणे आवश्यक असते. नियमित गोळ्या घेऊनही ते एक ग्रॅमनेसुद्धा वाढले नाही, तर रुग्णास पुढील तपासणीसाठी वरच्या रुग्णालयात पाठवावे, अशीच या कार्यक्रमाची दिशा आहे. 'गोळ्या घेतल्या का?' हा प्रश्न अवश्य विचारावा. पण उत्तर 'होय' असे आले, तर त्यावर विश्वास ठेवून पुढचे पाऊल उचलावे. रक्तातील फेरिटिनच्या तपासणीने शरीरातील लोहाच्या साठ्याचा अंदाज येतो. आणखी गोळ्या द्याव्यात की थांबावे, हे ठरविण्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांना तिचा उपयोग होतो. विदर्भात व आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल आजार आणि थॅलेसेमिया यांचे निदानही अशा पुढील तपासणीतूनच होते. हे आजार दारांच्या दोषांहून कितीतरी अधिक प्रमाणात दिसतात. म्हणून तपासणीचे महत्त्व केवळ विरळ रोगांपुरते नाही.

तान्ह्या वयापासून निस्तेज असलेले, वाढ खुंटलेले आणि उपचाराला दाद न देणारे बालक अंगणवाडीत किंवा शाळेत दिसल्यास त्याची विशेष दखल घेतली जावी. ग्लायसीनच्या दाराचा दोष बालकात प्रकट होण्यासाठी तो आई आणि वडील या दोघांकडूनही यावा लागतो. आईवडील स्वतः निरोगी असतात, मात्र त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आते-मामे भावंडांच्या किंवा इतर जवळच्या नात्यातील विवाहांत दोघांकडे एकच दोष असण्याचा संभव वाढतो. घरात असे एक बालक असल्यास पुढील अपत्यापूर्वी आनुवंशिक सल्ला घेणे हिताचे ठरते. यात आईला दोष देण्याचे काहीच कारण नाही, ही गोष्ट शिक्षक आणि पंचायत सदस्य कुटुंबाला अधिकाराने सांगू शकतात.

शेमिन यांच्या प्रयोगापासून ग्लायसीनचे दार सापडेपर्यंत साठाहून अधिक वर्षे लोटली. एवढ्या परिश्रमांनी मिळालेल्या या ज्ञानाचा गावातील उपयोग तसा साधाच आहे. उपकेंद्राच्या नोंदवहीत वाटलेल्या गोळ्यांच्या संख्येशेजारी महिन्याभरानंतरच्या हिमोग्लोबिनचाही आकडा लिहिला जावा आणि तो आकडा जागचा हलला नसेल, तर त्या रुग्णाला पुढे पाठविले जावे. ज्या बालकाच्या पेशीत दारच मिटलेले आहे, त्याचा शोध या एका नोंदीपासून सुरू होऊ शकतो.